भयकथा आणि पाहणाऱ्याचे मन

गेल्या नोव्हेंबर महिन्यात, मृत भाविकांच्या स्मृतिदिनी कबरस्तानातील प्रार्थना आटोपून आम्ही आमच्या चुलत भगिनीच्या घरी चहाला गेलो होतो. तिच्या थोरल्या मुलाच्या खोलीत भिंतीवर एक मोठे चित्र लावलेले दिसले. काटक्यांचा बांधलेला एक अवाढव्य मनुष्याकार पुतळा, आणि त्याच्याभोवती ज्वाळा. आम्ही चित्राकडे टक लावून पाहत आहोत हे ध्यानी येताच भगिनीने मनातली सल बोलून दाखवली. ‘‘दादा, तुम्हीच ह्याला काही समजावा. रात्र-रात्र जागून हेच पाहत असतो. बाहेरच्या खोलीत आमची रोजरी चालते, आणि आत ह्याची ही भुतंखेतं. हे पाप नाही का?’’

मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे; स्वभावाने शांत, रविवारच्या मिस्साला न चुकता येणारा. तो चिडला नाही. त्याने एवढेच विचारले, ‘‘मामा, यातला एक तरी तुम्ही पाहिलाय का?’’

आम्ही निरुत्तर झालो. न पाहिलेल्या, न वाचलेल्या गोष्टींवर निकाल देण्याची सवय आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, असा साधा प्रश्नही आपल्याला उद्धटपणाचा वाटतो. त्या मुलाचा प्रश्न उद्धट नव्हता, न्याय्य होता. म्हणून त्याच्याकडून काही पुस्तके आणि चित्रपट मागून घेतले आणि नाताळपासून उपवासकाळापर्यंतच्या रात्री त्यांत घालवल्या. त्या वाचनातून व पाहण्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. प्रश्न भगिनीचाच आहे: भीतीतून आनंद घेणे हे पाप आहे काय?

भयाची गोडी

भीती ही दुःखद भावना. मग मनुष्य पदरचे पैसे मोडून ती विकत का घेतो? हे कोडे आजचे नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत शृंगार आणि वीर यांच्या पंक्तीत भयानक व बीभत्स यांनाही स्थान दिले आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने शोकांतिकेचा विचार करताना करुणा आणि भय ही जोडी सांगितली व त्या भावनांच्या शुद्धीकरणाचा विचार मांडला. आमच्या लहानपणी हे ग्रंथ आमच्या घरी नव्हते. पण पिंपळावरचा मुंजा आणि विहिरीवरची हडळ सांगणारी आजी होती. गोष्ट संपली की आम्ही तिला अधिकच बिलगून झोपत असू. भयाच्या गोष्टीतला आनंद बहुधा त्या बिलगण्यातच असावा. पुढे ग्रंथालयात नारायण धारपांच्या कादंबऱ्या व रत्नाकर मतकरींच्या गूढकथा हाती आल्या, आणि तीच गोडी छापील पानांत पुन्हा भेटली. तेव्हा भगिनीच्या मुलाला दोष देताना आपण स्वतःही त्या पंगतीत जेवून उठलो आहोत, हे विसरून चालणार नाही.

परंतु संत अगस्तीन यांनी ‘कन्फेशन्स’मध्ये ह्या प्रश्नाची दुसरी बाजू उघड केली आहे. तरुणपणी आपण नाट्यगृहात कल्पित दुःखांवर अश्रू ढाळीत होतो, असे सांगून ते विचारतात की, ही कसली करुणा? रंगभूमीवरच्या दुःखिताला साहाय्य करण्याचे बंधन प्रेक्षकावर नसते. त्याने फक्त दुःखी व्हायचे असते आणि त्या दुःखाची चव घ्यायची असते. त्याच ग्रंथात त्यांनी आपला मित्र आलिपियस याची हकिगत दिली आहे. मित्रांनी त्याला बळेच रोमच्या आखाड्यात नेले. त्याने निर्धाराने डोळे मिटून घेतले. पण लोकांचा प्रचंड आरोळा कानी पडला, आणि कुतूहलाने डोळे उघडले. त्या क्षणापासून तो ओढून आणलेला पाहुणा राहिला नाही. त्या जमावातलाच एक झाला. रक्त पाहत राहिला, आणि पुन्हा पुन्हा तेथे गेला. हाच आलिपियस पुढे बिशप झाला, ही गोष्ट निराळी.

तेव्हा प्रश्न थोडा बदलून मांडावा लागतो. पडद्यावर किंवा पानावर काय आहे, एवढेच पाहून भागणार नाही. पाहणाऱ्याला ती कृती कोठे नेऊन उभे करते, कोणाच्या शेजारी बसवते, हेही पाहिले पाहिजे.

दुर्मिळाचा अभिमान

‘कल्ट’ चित्रपट म्हणजे काय, हे आम्हांस भाच्याने समजावून सांगितले. जो चित्रगृहांत पडला, टीकाकारांनी ज्याची उपेक्षा केली, पण मूठभर निष्ठावंतांनी ज्याला वर्षानुवर्षे जपले, असा चित्रपट. ही निष्ठा एका अर्थी आदरणीय आहे. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटाचेच उदाहरण घ्या. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर तो अनुमतीवाचून बेतला गेला, म्हणून लेखकाच्या विधवा पत्नीने दावा लावला, आणि १९२५ साली न्यायालयाने त्याच्या साऱ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती कोठे कोठे वाचल्या, म्हणून तो आज आपल्याला पाहता येतो. पुढे १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क माध्यमविषयक परिषदेने ४५ निवडक चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत कला या विभागात ‘नोस्फेरातू’ आहे. हे ऐकून आमच्या भगिनीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मात्र ह्या निष्ठेला एक कीडही लागते. जे थोड्यांनाच ठाऊक आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून ते थोर, आणि ज्यांना ठाऊक नाही ते सामान्य, असा भाव हळूहळू मनात शिरतो. मग अधिक दुर्मिळ, अधिक उग्र, इतरांना न सोसवणारे असे काही शोधण्याची चढाओढ लागते. न सोसणे हा दुबळेपणा ठरतो. आम्हांस ह्याची धास्ती भुताखेतांपेक्षा अधिक वाटते. दुसऱ्याची वेदना पाहून न हलणारे मन ही कोणत्याही रसिकतेची मिळकत होऊ शकत नाही.

हसऱ्या माणसांचे बेट

भिंतीवरचा तो पुतळा ‘द विकर मॅन’ या १९७३ सालच्या ब्रिटिश चित्रपटातील होता. रॉबिन हार्डी यांनी तो दिग्दर्शित केला, पटकथा अँथनी शॅफर यांची. प्रथम तो कापून, दुसऱ्या एका चित्रपटाला जोड म्हणून दाखवण्यात आला. हाउवी नावाचा एक धर्मनिष्ठ पोलीस अधिकारी हरवलेल्या मुलीच्या शोधात स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर येतो. तेथील लोक ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या दैवतांकडे वळले आहेत. ते गातात, नाचतात, फळांच्या बागा लावतात, आणि आलेल्या पाहुण्याशी हसून बोलतात. हाउवी मात्र कडक, रागीट, शब्दाशब्दाला उपदेश करणारा. गेल्या वर्षी बेटावरचे सफरचंदांचे पीक बुडाले आहे. दैवताला बळी हवा आहे. मुलीचा बळी जाणार, ह्या समजुतीने हाउवी तिला वाचवायला धावतो; आणि बळी म्हणून आपलीच निवड झाली होती, मुलगी हे केवळ आमिष होते, हे त्याला अखेरीस कळते. काटक्यांच्या पुतळ्यात कोंडून त्याला जिवंत जाळले जाते. तो तेविसावे स्तोत्र म्हणत असतो, आणि खाली उभे असलेले लोक हातात हात गुंफून, डुलत, आनंदाने गात असतात.

ह्या चित्रपटात ना भूत आहे, ना अंधाऱ्या वाड्याचे दार करकरते. बराचसा भाग लख्ख उजेडात घडतो. पहिला तासभर आम्हीही हाउवीला हसलो, हे कबूल केले पाहिजे. त्याचा ताठरपणा हास्यास्पद आहे. बेटावरची गाणी मोठी मधुर आहेत. आणि शेवटी त्या ज्वाळा पाहताना ध्यानी आले की, इतका वेळ आपण त्या हसऱ्या लोकांच्याच रांगेत बसलो होतो. जो माणूस आवडत नाही, ज्याचे बोलणे टोचते, त्याच्यावरच्या अन्यायाकडे समाज किती सहज काणाडोळा करतो! गावकीत, संस्थांत, आणि आपल्या धर्मग्रामांतही हे घडत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? हाउवी मरण्यापूर्वी बेटाच्या जमीनदाराला बजावतो की, पुढच्या वर्षीही पीक बुडाले तर हे लोक तुझा बळी मागतील. जमावाच्या क्रौर्याचे हे गणित त्या तापट पोलिसाला अचूक उमगले होते.

खिडकीतली मुले

येथे आम्हांस आमचीच एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना आमच्या आळीत एक नवविवाहित स्त्री राहत असे. अधूनमधून तिचे डोळे फिरत, हातपाय आखडत, तोंडाला फेस येई. ‘तिला लागलंय’, असे मोठी माणसे कुजबुजत. तिला अंगारे लावले, मिरच्यांची धुरी दिली, कोणीतरी वेताच्या छडीने मारलेही. आम्ही मुले खिडकीच्या गजांना धरून हे पाहत असू. अंगावर काटा येई. आणि सत्य सांगायचे तर त्यात एक गोडी होती. एक दिवस तिची नजर खिडकीकडे वळली. ती शुद्धीवर होती. तिने पदर सावरायचा प्रयत्न केला, पण हात बांधलेले होते. आम्ही खिडकी सोडली नाही. पुढे तिच्या माहेरच्यांनी तिला मुंबईच्या इस्पितळात नेले. अपस्माराचे निदान झाले, औषधे सुरू झाली, आणि ती बरी राहू लागली. तिच्या मुलांच्या लग्नांत आम्ही जेवलो आहोत. तिच्या नजरेला नजर देणे आम्हांस कधी जमले नाही.

‘द एक्झॉर्सिस्ट’ पाहताना ती खिडकी आठवली. विल्यम पीटर ब्लॅटी यांची ही कादंबरी १९७१ची, चित्रपट १९७३चा. ब्लॅटी हे जॉर्जटाउन येथील येशूसंघीयांच्या विद्यापीठात शिकलेले कॅथलिक. चित्रपटात फादर डायर यांची भूमिका तर एका खऱ्या येशूसंघीय धर्मगुरूंनीच केली आहे. त्या चित्रपटाविषयी लोक बोलतात ते मुलीच्या गरगर फिरणाऱ्या मानेविषयी. परंतु कादंबरीत वृद्ध फादर मेरिन जे सांगतात ते फारसे कोणाच्या स्मरणात राहत नाही. त्यांच्या मते सैतानाचे खरे लक्ष्य ती मुलगी नाही. भोवती उभे राहून पाहणारे हे त्याचे लक्ष्य आहेत. मनुष्य हा केवळ एक किळसवाणा पशू आहे, देवाच्या प्रेमास तो पात्रच नाही, असे पाहणाऱ्यांना वाटावे, हा त्याचा डाव. भयकथेविषयी ह्याहून मर्मग्राही विधान आमच्या वाचनात आले नाही. ज्या चित्रपटातून बाहेर पडताना मनुष्यदेहाची व मनुष्याची किळस घेऊन आपण घरी येतो, त्याने तो डाव साधला, असे म्हणावे लागेल. मग त्यात शेवटी क्रूस झळकलेला का असेना.

हा प्रश्न केवळ कलेपुरता राहत नाही. १ जुलै १९७६ रोजी जर्मनीतील क्लिंगेनबर्ग येथे ॲनेलीझ मिशेल ही २३ वर्षांची विद्यार्थिनी कुपोषणाने मरण पावली. तिला अपस्माराचे झटके येत. बिशपांच्या परवानगीने सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर भूतनिस्सारणाचे ६७ विधी झाले होते. १९७८ साली न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल दोषी ठरवले. ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांचे त्या मुलीवर प्रेम होते, आणि हेच ह्या घटनेतले सर्वांत दुःखद सत्य आहे.

ह्या घटनेवर आधारलेले दोन चित्रपट भाच्याच्या संग्रहात निघाले. २००५ सालचा अमेरिकन ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ पुष्कळांनी पाहिला आहे. त्यात न्यायालयातील वाद आहे, पण प्रेक्षकाला दचकवण्याचा सोसही आहे. दुसरा, २००६ सालचा ‘रेक्विएम’ हा जर्मन चित्रपट, आपल्याकडे फारसा कोणास ठाऊक नाही. हान्स-क्रिस्तियान श्मिड यांनी तो दिग्दर्शित केला, आणि त्यातील अभिनयाबद्दल सांड्रा ह्यूलर यांना बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. त्यात सैतान कोठेच दिसत नाही. दिसते ती गावाकडून विद्यापीठात आलेली एक लाजरी मुलगी, तिचा प्रेमळ पण हतबल बाप, तिची कठोर आई, आणि आजाराचे नाव घ्यायला घाबरणारे घर. तिच्या मृत्यूचा तमाशा दिग्दर्शक मांडत नाही. त्यापूर्वीच तो थांबतो. हा चित्रपट पाहताना आम्ही प्रथमच त्या खिडकीतून आत, त्या स्त्रीच्या बाजूला गेलो.

चर्चची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. १९८३च्या धर्मविधीसंहितेनुसार बिशपांच्या खास परवानगीवाचून कोणासही भूतनिस्सारणाचा विधी करता येत नाही. १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात, विधीपूर्वी तो आजार तर नाही ना याची खात्री करून घ्यावी असे बजावले आहे, आणि मानसिक आजार हा वैद्यकशास्त्राचा प्रांत असल्याचे म्हटले आहे. महाराष्ट्रात तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा ठरवला आहे. तरीही परवानगी असूनसुद्धा काय घडू शकते, हे क्लिंगेनबर्गने दाखवले. नियम सावध करतात. समोरच्या देहाकडे पाहण्याची दृष्टी आपली आपल्यालाच मिळवावी लागते.

चांगुलपणाचे कोडे

अखेरीस एका अशा चित्रपटाविषयी, जो आम्हांस सर्वांत अधिक भावला. ‘द नाइन्थ कॉन्फिगरेशन’ हा १९८० सालचा चित्रपट खुद्द ब्लॅटी यांनीच लिहिला व दिग्दर्शित केला. त्याच्या पटकथेला गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले, तरी प्रेक्षक फिरकले नाहीत. एका जुन्या किल्ल्यात मनाचा तोल गेलेल्या सैनिकांचे रुग्णालय आहे. तेथे कर्नल केन नावाचे नवे मानसोपचारतज्ज्ञ येतात. रुग्णांत कटशॉ नावाचा एक अंतराळवीर आहे. चंद्रावर निघण्याच्या ऐन वेळी त्याने माघार घेतली होती. एवढ्या दूर, एकट्याने मरावे लागले तर? आणि देवच नसेल, तर ते एकटेपण किती भयंकर! ही त्याची भीती. जगात एवढे दुःख असताना देवावर विश्वास कसा ठेवावा, असे तो विचारतो. केन त्याला उलट विचारतात की, माणूस जर केवळ अणूंचा योगायोग असेल, तर दुसऱ्यासाठी प्राण देणारे प्रेम येते कोठून? कटशॉ म्हणतो, असे एक तरी उदाहरण दाखवा.

पुढे उलगडते की, केन हेच तेथील सर्वांत जखमी रुग्ण आहेत. युद्धात त्यांनी केलेल्या हत्यांच्या भाराने त्यांचे मन दुभंगले आहे. शेवटी कटशॉला गुंडांच्या छळातून सोडवण्यासाठी ते पुन्हा हिंसेत ओढले जातात, आणि नंतर आपल्या रुग्णांना हादरवून शुद्धीवर आणावे ह्या आशेने आपल्याच हाताने मरण पत्करतात. येथे आम्हांस थबकावे लागते. ‘एक्झॉर्सिस्ट’मधील फादर कॅरस मुलीला वाचवण्यासाठी सैतानाला स्वतःत बोलावून खिडकीबाहेर झेप घेतात, त्यांच्या कृतीला निदान तत्क्षणीचा हेतू तरी आहे. केन यांच्या मरणाला आत्मसमर्पण म्हणणे आम्हांस मान्य होत नाही. जीवन हे आपल्या मालकीचे नाही, सोपवलेले आहे. दुभंगलेल्या मनाची जबाबदारी देव निराळ्या तराजूत तोलील, ही आशा चर्चही बाळगते; परंतु कटशॉला हवे असलेले उदाहरण हे नव्हे, असे आम्हांस वाटते. ते उदाहरण त्याआधीच घडून गेलेले असते. स्वतः बुडत असलेला एक मनुष्य रात्रंदिवस दुसऱ्यांची बडबड संयमाने ऐकत राहतो, ते. दिग्दर्शकाला मृत्यूचा प्रसंग मोठा वाटला. आम्हांस ते ऐकणे मोठे वाटले.

भगिनीला दिलेले उत्तर

पवित्र आठवड्यापूर्वी पुस्तके व चित्रपट परत करायला गेलो तेव्हा भगिनीने विचारले, ‘‘मग दादा, पाप आहे की नाही?’’

आम्ही तिला सांगितले, ‘‘गोष्टीला भिणं पाप नाही. पण भीती पाहता पाहता मन दगड होऊ लागलं, माणसाची किळस येऊ लागली, तर मात्र थांबायला हवं. ते त्याचं त्यानेच ओळखायचं आहे. आणि तू एकदा त्याच्याबरोबर बसून पाहा. निदान एक तरी.’’ लहान मुलांच्या हाती ह्यांतले काहीही लागू नये, हेही आम्ही बजावले. कारण कल्पित आणि सत्य यांतली रेषा त्यांच्यापाशी अजून पक्की झालेली नसते. आमच्यापाशीही त्या वयात नव्हती.

भाच्याला आम्ही खिडकीची ती गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘‘मामा, त्या आजी अजून आहेत?’’

आहेत. आमच्याच आळीत, मुलाकडे राहतात. हल्ली त्यांना मिस्साला येता येत नाही. ईस्टरच्या सोमवारी आम्ही मामा-भाचे त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी आम्हांस ओळखले आणि मुलाला आंबोळी खायला घातली. साठ वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाविषयी बोलण्याचा आमचा विचार होता. परंतु त्या इतक्या आनंदात होत्या की शब्द ओठांवरच राहिले. निघताना त्यांनी आमचा हात बराच वेळ धरून ठेवला. आम्ही पुन्हा जाणार आहोत.